टँकर कोणाचा?

पहाटे साडेपाचच्या सुमारास मनमाडजवळच्या पानेवाडीला गेलात, तर डेपोच्या गेटबाहेर उभ्या असलेल्या टँकरची रांग नजरेच्या टप्प्यात मावत नाही. टपरीवर दूध उकळत असते. एखादा क्लिनर बादलीभर पाण्यात फडके बुचकळून काच पुसत असतो आणि त्याचा उस्ताद मोबाइलमध्ये डोके खुपसून आपला नंबर लागला का ते बघत असतो. प्रत्येक टँकरवर धोक्याची पाटी असते. पेट्रोल असेल तर १२०३ आणि डिझेल असेल तर १२०२. जगातल्या कुठल्याही अग्निशमन जवानाने नुसता आकडा वाचावा आणि पोटात काय आहे ते ओळखावे, अशी ही सोय.

आता यातल्या एका टँकरकडे बोट दाखवून ‘हा कोणाचा?’ असे विचारा. टाकीवरचा रंग आणि बोधचिन्ह तेल कंपनीचे. आरसी बुकावरचे नाव वाहतूकदाराचे, आणि त्याच्याच खाली बहुधा कर्ज देणाऱ्या बँकेचे. काही टँकर पंपवाल्या डीलरच्याच मालकीचे. टाकी पेट्रोल वाहायला लायक आहे असा परवाना देणारी पेसो ही केंद्र सरकारची संस्था, तिचे मुख्यालय नागपुरात. कोणत्या कप्प्यात किती लिटर मावतात ते मोजून शिक्का मारणारे वैधमापन खाते. आत भरायचा माल मुंबईहून २५२ किलोमीटर जमिनीखालच्या नळातून आलेला. आणि हा सगळा ज्वालाग्राही संसार घाटातून, गावातून, लग्नाच्या वरातीशेजारून सांभाळून नेणारा चालक वाहतूकदाराच्या पगारावर. काही वेळा तर पगारावरही नाही, खेपेवर.

तेल कंपनीच्या मुख्यालयात अधिकाऱ्यांच्या हुद्द्यांचा तक्ता असतो. वर अध्यक्ष, त्याखाली संचालक, त्याखाली महाव्यवस्थापक, असे करत करत डेपोच्या व्यवस्थापकापर्यंत रेघा येतात. तिथे आणखी चार अधिकाऱ्यांच्या चौकटी असतात आणि तक्ता संपतो. कंपनीने त्या वर्षी जे काही मनावर घेतलेले असते, म्हणजे भेसळ शून्यावर आणायची, अपघात निम्म्याने कमी करायचे, एकही पंप कोरडा पडू द्यायचा नाही, ते सगळे घडायचे असते तक्ता संपल्यानंतरच्या शंभर-दीडशे किलोमीटरमध्ये. इंधन वाहतुकीच्या धंद्यातल्या धोरणांची तड कुठे लागते आणि कुठे लागत नाही, हे बघायचे असेल तर बोर्डरूममध्ये बसून काही कळत नाही. रेघ जिथे थांबते तिथे जाऊन उभे राहावे लागते.

लाल डबे, निळे डबे

ही अडचण नवी नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी एका हुशार माणसाला तिने चांगलेच पेचात धरले होते.

लंडनचा व्यापारी मार्कस सॅम्युएल याला रॉकेलच्या धंद्यात अमेरिकेच्या स्टँडर्ड ऑइलशी टक्कर द्यायची होती. स्टँडर्डचे रॉकेल आशियात यायचे ते पत्र्याच्या डब्यांत, दोन डब्यांची एक लाकडी पेटी करून. म्हणजे जहाजातली कितीतरी जागा लाकूड, पत्रा आणि मधली हवा यांनी खाल्लेली. सॅम्युएलने हिशेब केला की जहाजाचे पोटच टाकी केले, काळ्या समुद्रावरच्या बाटुमहून रशियन रॉकेल भरले आणि सुएझ कालव्यातून थेट पूर्वेला आणले, तर डब्यांचा खर्च वाचतो आणि वाटही जवळची पडते. कालव्याच्या कंपनीला पसंत पडेल इतके सुरक्षित जहाज त्याने बांधून घेतले. ‘म्युरेक्स’ हे त्याचे नाव. ऑगस्ट १८९२ मध्ये ते सुएझमधून पार झाले. पूर्वेच्या बंदरांत मोठमोठ्या टाक्या उभ्या राहिल्या होत्या. धोरण म्हणून बघितले तर यात खोट काढायला जागा नव्हती.

आणि तरीही रॉकेल खपेना. कारण गिऱ्हाईक रॉकेल विकत घेत नव्हते, डबा विकत घेत होते. स्टँडर्डचा निळा डबा रिकामा झाला की त्याची बादली व्हायची, छपराचा पत्रा व्हायचा, चूल व्हायची, पेले व्हायचे. ज्यांनी आपल्या आजीच्या घरी रॉकेलच्या डब्याला लाकडी दांडी ठोकून केलेली पाणी तापवायची बादली बघितली आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. सॅम्युएलच्या माणसांनी मात्र गृहीत धरले होते की रॉकेल स्वस्त मिळाले की लोक आपापली भांडी घेऊन येतील. लोक आले नाहीत. मग लंडनहून पत्रा भरभरून पाठवायची पाळी आली आणि जागोजागच्या अडत्यांना डबे ठोकणारे कारागीर शोधावे लागले. डब्यांना रंग दिला लाल. जवळच तयार झालेले हे लाल डबे नवेकोरे, चकचकीत असायचे. अर्ध्या जगाची सफर करून आलेले निळे डबे पोचेस्तोवर पोचे पडलेले, गंजलेले. पुढे घरोघर लाल वस्तू दिसू लागल्या.

ही गोष्ट बहुतेक वेळा गिऱ्हाइकाच्या आवडीनिवडीची म्हणून सांगितली जाते. मला तिच्यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. जहाज, कालवा, टाकी इथपर्यंत सॅम्युएलचा शब्द चालत होता. तिथून पुढे अडत्या होता, आणि डबा हे कोणाचे काम, हे कोणीच ठरवलेले नव्हते. ज्या कामाला धनी नव्हता नेमके तेच काम अडले.

सॅम्युएलने यातून जे केले ते मला टाकीबोटीपेक्षाही हुशारीचे वाटते. स्टँडर्डची नेहमीची चाल अशी की एखाद्या बंदरात भाव पाडायचा, तिथल्या विक्रेत्याला बुडवायचे आणि त्याची भरपाई दुसऱ्या बंदरात करायची. एकटा अडत्या त्यापुढे टिकणे शक्य नव्हते. म्हणून १८९३ मध्ये सॅम्युएलने पूर्वेकडच्या आपल्या व्यापारी पेढ्यांचा एक संघ केला. नफा आणि तोटा सगळ्या बंदरांचा मिळून एकत्र मोजायचा. एका ठिकाणी भाव पडला तर त्याची झळ सगळ्यांनी वाटून घ्यायची. अडत्यांना त्याने नोकर केले नाही. कागदावर ते बाहेरचेच राहिले, पण त्यांचे हित आत ओढले. १८९७ मध्ये यातूनच शेल ट्रान्सपोर्ट अँड ट्रेडिंग कंपनी उभी राहिली. कंपनीच्या नावातच वाहतूक आधी आणि व्यापार नंतर, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

पुढची गोष्ट मात्र तितकी गोड नाही. १९०२ मध्ये सॅम्युएल लंडनचा लॉर्ड मेयर झाला. मिरवणुका आणि मेजवान्या यांतून वेळ काढून चालवण्याइतकी कंपनी आता लहान राहिली नव्हती. पाच वर्षांत रॉयल डचबरोबर विलीनीकरण झाले ते ६० आणि ४० अशा वाट्यांनी, आणि साठ सॅम्युएलचे नव्हते.

एक थेंब, तीन शहरे

आपल्याकडच्या तेल कंपन्यांच्या घरांची बांधणी इतिहासाने केली आहे, आराखड्याने नव्हे. इंडियन रिफायनरीज १९५८ ची, इंडियन ऑइल कंपनी १९५९ ची. एक तेल शुद्ध करायची, दुसरी विकायची. १ सप्टेंबर १९६४ ला दोघींची मिळून इंडियन ऑइल कॉर्पोरेशन झाली. पण एका छपराखाली येऊनही विभागांची बिऱ्हाडे वेगवेगळीच राहिली. शुद्धीकरणाचे मुख्य कार्यालय दिल्लीत, पाइपलाइनचे नोएडात आणि विक्रीचे मुंबईत, वांद्र्याला. कारखान्यातून निघून नळातून वाहत पंपावर पोचणाऱ्या एकाच थेंबाच्या फायली तीन शहरांत. याची टिंगल करण्याचे कारण नाही. हजारो किलोमीटरचा नळ चोवीस तास दाबाखाली ठेवणे ही विद्या वेगळी आणि डीलरकडे रखडलेल्या उधारीचा निकाल लावणे ही वेगळी. एका माणसाच्या हाताखाली दोन्ही दिल्या तर एकीचा बळी जाणार.

व्यवस्थापनशास्त्रात या प्रश्नावरचा गाजलेला ग्रंथ अल्फ्रेड चँडलर यांचा, ‘स्ट्रॅटेजी अँड स्ट्रक्चर’, १९६२ चा. चार अमेरिकी कंपन्यांच्या कागदपत्रांत बुडी मारून त्यांनी दाखवले की धोरण आधी बदलते आणि रचना मागून, धापा टाकत येते. त्या चारांत न्यू जर्सीची स्टँडर्ड ऑइलही होती. तेल काढणारे भरमसाट काढत होते, शुद्ध करणारे करत होते, विकणारे विकत होते. आपापल्या जागी सगळे हुशार. तेलाचे साठे मात्र तुंबत चालले होते. एकाने किती काढायचे ते दुसऱ्याने किती विकले यावर ठरवणारे कोणी नव्हते. १९२० च्या दशकात त्यांना समन्वयासाठी मुद्दाम वेगळी समिती आणि वेगळे खाते उभारावे लागले.

भारत पेट्रोलियममध्ये गाडी थोडी उलटी चालली. ही मूळची बर्मा-शेल, म्हणजे त्या लाल डब्यांचेच भारतातले गोत्र. १९७६ मध्ये ती सरकारची झाली. त्या काळात पेट्रोलचा भाव सरकार ठरवणार, नफाही जवळजवळ ठरलेला. अशा दिवसांत कंपनीला एकच काम होते, माल पोचवणे. विक्री, ऑपरेशन्स, अभियांत्रिकी, वित्त अशी खात्यांची उतरंड त्या कामाला पुरेशी होती. पंपवाल्याची तक्रार आली की ती विक्री खात्याकडे जायची. विक्री खाते ऑपरेशन्सला लिहायचे. ऑपरेशन्स म्हणायचे टँकर आमच्या गेटातून सीलबंद गेला होता. खरेही असायचे.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात, भाव मोकळे होणार अशी चाहूल लागल्यावर, कंपनीने ही उतरंड मोडली आणि गिऱ्हाइकाप्रमाणे स्वतंत्र व्यवसाय घटक केले. पंपावरची किरकोळ विक्री एकाकडे, घरगुती गॅस दुसऱ्याकडे, विमानांचे इंधन तिसऱ्याकडे, कारखान्यांना होणारी विक्री आणि वंगणे आणखी वेगळ्यांकडे. सरकारी भावनियंत्रण अधिकृतपणे उठले १ एप्रिल २००२ ला. म्हणजे लढाईच्या आधी सैन्याची फेरमांडणी झालेली होती.

या फेरमांडणीचे फळ कोणते, असे कोणी विचारले तर मी ‘प्युअर फॉर शुअर’ ही पाटी दाखवीन. या शतकाच्या सुरुवातीला ती पंपांवर दिसू लागली. माप पूर्ण आणि माल शुद्ध, इतकेच तिचे म्हणणे. ऐकायला किती साधे! पण हे वचन द्यायचे तर डेपोच्या गेटपासून पंपाच्या जमिनीखालच्या टाकीपर्यंतचा सगळा रस्ता आपला आहे असे म्हणणारा कोणीतरी कंपनीत असावा लागतो. जुन्या रचनेत असा कोणी नव्हता. टँकरला सहज न उघडणारी कुलपे लावण्याची कल्पना काही अवघड नव्हे. कुलपाची किल्ली कोणत्या खात्याकडे, हा प्रश्न अवघड होता, आणि तो आधीच सुटलेला होता. चँडलर यांच्या वाचकाला हे रुचेल न रुचेल, पण इथे रचना पुढे चालली आणि धोरणाला वाट दिसली.

कुलूप, पट्टी आणि पारा

पंपावर टँकर आला की काय होते ते एकदा थांबून बघा. आधी चाकांना ओट लावायची, अर्थिंगची तार चिमट्याने जोडायची, आग विझवायची उपकरणे हाताशी ठेवायची. मग पंपाचा मॅनेजर वर चढतो. झाकणावरच्या कुलपाचा, सीलचा नंबर पावतीशी ताडून बघतो. डिपची पट्टी कप्प्यात उभी सोडतो, वर काढतो, ओली रेघ कुठे आहे ते बघतो. पट्टीच्या टोकाला पाणी ओळखणारी पेस्ट लावलेली असते. पाणी असेल तर तिचा रंग पालटतो. मग काचेच्या उंच भांड्यात नमुना, त्यात तरंगता हायड्रोमीटर आणि थर्मामीटर. त्या तापमानाची घनता १५ अंशांच्या घनतेत तक्त्यावरून बदलून घ्यायची आणि डेपोच्या पावतीवरच्या आकड्याशी जुळवायची. घनमीटरला तीन किलोपेक्षा जास्त फरक आला तर माल उतरवायचा नाही.

सगळ्यात जास्त भांडणे होतात ती पाऱ्यावरून. पेट्रोल उन्हाने फुगते आणि गारव्याने आकसते, अंशाला हजारात साधारण एक भाग. बारा हजार लिटरचा टँकर दुपारी भरला आणि पहाटे, तीन-चार अंश थंड झाल्यावर उतरवला, तर चाळीस-पन्नास लिटर नाहीसे झालेले असतात. चोरी झालेली नसते. पण डीलर म्हणतो शॉर्टेज आली, उस्ताद म्हणतो सील बघा, आणि दोघांमध्ये निकाल देणारे कोणी तिथे हजर नसते. कंपनी सत्तर किलोमीटरवर असते.

आता पैशाकडे बघू, कारण खरी रचना तिथे दिसते. वाहतूकदाराला मोबदला मिळतो किती किलोलिटर किती किलोमीटर नेले त्यावर. येण्याजाण्याचे अंतर धरून. या धंद्यात त्याला ‘आरटीकेएम’ म्हणतात. गाडी गेटबाहेर उभी राहिली तर त्याला शून्य. म्हणून त्याला खेपा हव्यात. विक्री अधिकाऱ्याला महिनाअखेरीला टार्गेट हवे, म्हणून त्यालाही खेपा हव्यात. सुरक्षा विभागाला वेग कमी हवा, विश्रांती हवी, रात्रीच्या वेळी जपून हवे. चालकाला त्याचा खेपभत्ता हवा आणि घरी जायचे असते. मुख्यालयातून ‘सुरक्षा प्रथम’ असे फलक येतात. पण सुरक्षित चालवल्याबद्दल पैसे या साखळीत कोणालाच मिळत नसतील, तर तो फलक भिंतीवरच राहतो.

काही वर्षांपूर्वी मी एका डेपोत अर्धा दिवस बसलो होतो. डेपोचे आणि कंपनीचे नाव सांगण्याची गरज नाही, कारण जे पाहिले ते कुठेही दिसू शकते. टँकरवर जीपीएस बसवून झाले होते. एका तरुण अधिकाऱ्यापुढे पडदा होता आणि त्यावर लाल ठिपके. टँकर ठरल्या वाटेवरून हलला की ठिपका, ठरल्याशिवाय थांबला की ठिपका, वेग वाढला की ठिपका. अकरा वाजेपर्यंत त्याच्याकडे साठाच्या वर इशारे जमले होते. निम्मे ढाब्याचे, काही टायरचे, काही रेंज गेल्याचे. त्यातल्या एकाकडे त्याने मला बोट दाखवले. गाडी पाऊण तास एका आडवाटेच्या शेताजवळ उभी.

“आता तुम्ही काय करणार?” मी विचारले.

“वाहतूकदाराला मेल.”

“आणि चालकाला फोन?”

“चालक आपला नाही ना, सर. त्याचा नंबर वाहतूकदाराकडे. वाहतूकदाराचे कंत्राट राज्य कार्यालयाकडे. दंड लावायचा तर प्रस्ताव मी करायचा, मंजुरी तिकडून.”

त्याच्याकडे माहिती होती, अधिकार नव्हता. राज्य कार्यालयाकडे अधिकार होता, पण ते शेत त्यांना दिसत नव्हते. वाहतूकदाराकडे दोन्ही होते, फक्त गाडी थांबवण्यात त्याचा तोटा होता. यंत्र विकत घेता येते, बसवता येते. पण ते ज्या खुर्चीपुढे ठेवले तिला काही करता येत नसेल, तर ते नुसते मोजत बसते. दुपारी जेवायला निघालो तेव्हा तो ठिपका पुन्हा चालू लागला होता. टायर होता की आणखी काही, ते त्या अधिकाऱ्यालाही कळले नाही.

अशा आडवाटांवर काय चालू शकते, हे महाराष्ट्राने २५ जानेवारी २०११ ला पाहिले. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी मनमाडजवळ टँकरमधून चाललेली इंधनचोरी आणि भेसळ पकडली आणि त्यांना तिथेच जिवंत जाळण्यात आले. रेशनचे रॉकेल आणि डिझेल यांच्या भावांत तेव्हा मोठी दरी होती. ती दरी हेच त्या धंद्याचे भांडवल. त्यानंतर कुलपे, मागोवा, काळ्या यादीचे नियम हे सगळे कडक होत गेले. पण एक गोष्ट मला त्या वेळीही खटकली होती आणि आजही खटकते. तेल कंपन्यांच्या मालाची चोरी होत होती, वाहतूकदारांच्या गाड्यांतून होत होती, आणि तिथे जाऊन उभा राहिलेला माणूस या दोघांपैकी कोणाचाच नव्हता. तो महसूल खात्याचा होता.

नळ दुसऱ्याच्या हातात

गेटच्या आतही सगळे आलबेल असते असे नाही. इंग्लंडमध्ये हर्टफर्डशायरच्या बन्सफिल्ड डेपोत १० डिसेंबर २००५ च्या संध्याकाळी ९१२ क्रमांकाच्या टाकीत नळातून पेट्रोल भरायला सुरुवात झाली. पहाटे तीनच्या सुमारास टाकीची पातळी दाखवणारा काटा एका जागी अडकला. अलीकडच्या महिन्यांत तो असा अनेकदा अडकला होता. टाकी भरत राहिली, पडद्यावरचा आकडा मात्र हलेना. टाकी भरली की प्रवाह आपोआप तोडणारा वेगळा स्विच होता, पण तो नीट बसवलेला नसल्याने निकामी होता. साडेपाचनंतर पेट्रोल टाकीच्या माथ्यावरून खाली कोसळू लागले. सहाला काही मिनिटे असताना नळातला प्रवाह ताशी ५५० घनमीटरवरून ८९० वर गेला. सहा वाजून एक मिनिटाने स्फोट झाला. चाळीसवर लोक जखमी झाले. रविवारची पहाट होती म्हणून कोणी मेले नाही.

हा डेपो दोन तेल कंपन्यांच्या भागीदारीतल्या तिसऱ्या कंपनीच्या नावे होता. तिचे स्वतःचे नोकर नव्हते. दोघींपैकी एका भागीदाराची माणसे तो चालवत. डेपोत येणाऱ्या तीन नळांपैकी दोनांतला प्रवाह किती आणि केव्हा, हे डेपोतल्या सुपरवायझरच्या हातात नव्हते. बाहेरून ठरायचे. वर्षानुवर्षे माल वाढत गेला होता, टाक्या त्या मानाने अपुऱ्या पडत होत्या, आणि सुपरवायझर कमीत कमी माहितीवर रात्रभर टाक्यांची उलथापालथ करत होते. चौकशी अहवालाने अडकलेल्या काट्याइतकाच दोष या परिस्थितीलाही दिला. मला विचाराल तर काटा हे निमित्त होते.

चारच वर्षांनी, २९ ऑक्टोबर २००९ ला, जयपूरच्या सीतापुऱ्यात जवळजवळ तेच घडले. इंडियन ऑइलच्या टर्मिनलमधून शेजारच्या भारत पेट्रोलियमच्या टर्मिनलला पेट्रोल द्यायचे होते. झडप उघडताना पेट्रोल उसळले, वाफेने माणूस बेशुद्ध पडला. दूरवरून झडप बंद करण्याची सोय चालत नव्हती. सव्वा तासाच्या आसपास पेट्रोल वाहत राहिले आणि मग ठिणगी मिळाली. अकरा जीव गेले. आग दहा-अकरा दिवस धुमसत होती. हिंदुस्तान पेट्रोलियमचे माजी प्रमुख एम. बी. लाल यांच्या समितीने झडपा, पंप, प्रशिक्षण यांबद्दल पुष्कळ लिहिले. त्या शिफारशींत एक रचनेबद्दलही होती, की सुरक्षा बघणाऱ्या विभागाने थेट सर्वोच्च अधिकाऱ्याला जबाब द्यावा. उत्पादनाच्या किंवा विक्रीच्या साहेबाच्या हाताखाली बसलेला सुरक्षा अधिकारी ‘थांबवा’ असे किती वेळा म्हणू शकेल, हे नोकरी केलेल्या कोणालाही कळते.

गेटवरची बोलणी

चालक आपल्या तक्त्यात नको, हा निर्णय तेल कंपन्यांनी बहुतेक ठिकाणी खर्चाच्या हिशेबाने घेतला. वाहतूक हा आपला मूळ धंदा नव्हे, ती कंत्राटाने द्यावी, हे सल्लागारांचे आवडते वाक्य. हिशेबात ते चुकीचे नाही. त्याची दुसरी बाजू अधूनमधून उघडी पडते. जून २००८ मध्ये ब्रिटनमध्ये शेलच्या पंपांना माल पोचवणारे सहाशेच्या वर टँकरचालक चार दिवस संपावर गेले. बोधचिन्ह शेलचे, कोरडे पडलेले पंप शेलचे, पण चालकांचे मालक होते दोन कंत्राटदार. संप मिटवायला शेल बोलू शकत नव्हती आणि कंत्राटदार म्हणायचे, शेल आम्हाला देईल तेवढेच आम्ही देऊ.

आपल्याकडे १ आणि २ जानेवारी २०२४ ला हेच जास्त मोठ्या प्रमाणावर झाले. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ च्या दुसऱ्या पोटकलमात, जीवघेणा अपघात करून न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद होती. जमाव जीव घेईल या भीतीने पळणारा आणि बेफिकिरीने पळणारा यांत कायदा फरक करत नाही, असे चालकांचे म्हणणे. गाड्या जागच्या जागी थांबल्या. पानेवाडी-नागापूर पट्ट्यातल्या डेपोंमधून टँकर निघेनात. उत्तर महाराष्ट्रात पंपांवर बाटल्या, कॅन, दुचाकींच्या रांगा लागल्या. पुण्या-मुंबईतही लोक रात्री टाक्या फुल करून घेत होते.

तेल कंपन्यांच्या कुठल्याही चार्टवर या लोकांशी बोलण्याचे काम कोणाच्या नावावर नव्हते. वाहतूकदार म्हणत होते, गाड्या द्यायला आम्ही तयार आहोत, चालक चढत नाहीत. २ तारखेच्या रात्री दिल्लीत केंद्रीय गृहसचिवांनी वाहतूकदारांच्या अखिल भारतीय संघटनेशी चर्चा केली आणि ही तरतूद तुमच्याशी बोलल्याशिवाय लागू होणार नाही असे सांगितले. १ जुलैला नवी संहिता आली तेव्हा ते पोटकलम खरोखरच बाजूला ठेवलेले होते. गंमत अशी, की ती संघटना गाड्यांच्या मालकांची. तुरुंगात जाण्याची भीती होती चालकांना.

पानेवाडीला मात्र दिल्लीची वाट बघणे परवडणारे नव्हते. तिथे जिल्ह्याचे महसूल आणि पोलीस अधिकारी डेपोच्या परिसरात आले आणि थेट चालकांशी बोलले. मग पोलीस बंदोबस्तात गेट उघडले आणि भरलेले टँकर एकामागून एक मालेगाव, येवला, नाशिकच्या दिशेने निघाले. प्रत्येकावर कंपनीचे बोधचिन्ह होते, आरसी बुकावर वाहतूकदाराचे नाव होते, आणि पुढे सरकारी गाडीचा निळा दिवा.